जुन्या गाडीला नवा रंग नको, नवा ट्रान्सफॉर्मर द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत जुन्या मॉडेल रेल्वे 'पुन्हा नव्यासारख्या' कशा कराव्यात यावर लेख आला होता. या विषयाला आपण जागा दिलीत याचा फार आनंद झाला. पण त्यातले दोन सल्ले वाचून जीव हळहळला: डबे घासून पुन्हा रंगवा, आणि इंजिनात डिजिटल चिप (रुळांतून आलेले हुकूम ओळखून मोटार चालवणारी) बसवा. शिवाय जी गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी होती, ती जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या विजेच्या धोक्याची, तिचा लेखात उल्लेखच नाही. मी आयुष्यभर मोटार रिवाइंडिंगचं काम केलं. निवृत्तीनंतर जुन्या छोट्या गाड्या दुरुस्त करतो आणि त्या धावाव्यात म्हणून जुन्या धाटणीचाच लेआउट, म्हणजे रूळ, फलाट, डोंगर असा देखावा, बांधतो. त्या अनुभवावरून लिहितो आहे.

आधी रंगाचं. जुन्या पत्र्याच्या बऱ्याचशा डब्यांवर ब्रशने दिलेला रंग नसतोच. सपाट पत्र्यावर लिथोग्राफीने खिडक्या, दारं, रिव्हेटच्या ओळी, क्रमांक असं सगळं आधी छापलं जाई. मग पत्रा कापून दुमडायचा आणि त्याच्या जिभा खाचांत घालून वाकवायच्या, की डबा तयार. पॉलिश पेपर मारला की जातं ते हे छापलेलं चित्र, आणि ते घरी परत आणता येत नाही. कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब आणि कापसाची काडी एवढं पुरतं. तेही आधी डब्याच्या पोटाखाली, न दिसणाऱ्या जागी लावून पाहायचं. कापसाला रंग लागला तर तिथेच थांबायचं. रंगवलेल्या इंजिनांवर अक्षरं बऱ्याचदा डेकलची, म्हणजे वरून चिकटवलेल्या पातळ छापाची असतात, ती स्पिरिटने निघून येतात. आणि घासण्याचा सल्ला देणाऱ्यांनी एवढं तरी सांगायला हवं होतं की जुन्या रंगात शिसं असायचं. घासल्यावर उडणारी धूळ नाकातोंडात जाते. लहान मुलं वावरतात त्या घरात हा उद्योग अजिबात करू नये.

या गाड्या आल्या कुठून हे ठाऊक असलं की हात आपोआप सावध होतो. जर्मनीच्या मार्कलिन या खेळण्यांच्या कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात ठरावीक मापांचे रूळ आणि गाड्या मांडल्या. गाडीला नंतर आणखी रूळ, आणखी डबे जोडत जायचे, ही कल्पना तिथून रुजली. जोशुआ लायोनेल काउएनने अमेरिकेत १९०० मध्ये लायोनेल कंपनी काढली. इंग्लंडमध्ये मेकॅनो हा जोडणीचा खेळ काढणाऱ्या फ्रँक हॉर्नबीने १९२० मध्ये चावीवर चालणारी ओ गेज गाडी आणली. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर; ओ गेजमध्ये ते ३२ मिलिमीटर, त्यामुळे तिला खोलीच लागायची. १९३५ मध्ये मार्कलिन आणि ट्रिक्स या दोन जर्मन कंपन्यांनी साधारण निम्म्या मापाच्या, १६.५ मिलिमीटर गेजच्या गाड्या आणल्या आणि रेल्वे टेबलावर मावू लागली. हॉर्नबीची त्याच गेजची डब्लो गाडी आली १९३८ मध्ये. त्या काळचं इंजिन आज हातात येतं तेव्हा पायदानाजवळचा रंग बोटांनी उचलून उचलून झिजलेला असतो. तो झिजलेला भाग मला त्या गाडीत सर्वांत मोलाचा वाटतो. त्यावर नवा थर चढवायला माझा हात धजत नाही.

इंजिन बंद आहे म्हणून ते बिघडलं आहे असं बहुतेक वेळा नसतं. आत पाहिलं तर जुनं तेल मेणासारखं घट्ट होऊन बेअरिंगमध्ये बसलेलं असतं. ब्रश (मोटारीला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) सोडवून कम्युटेटर, म्हणजे ते ज्यावर घासतात तो फिरता भाग, पाहा. तांब्याच्या तीन पाकळ्या असतात आणि त्यांच्यामध्ये केसाएवढ्या चिरा. तांबं काळं पडलेलं, चिरांमध्ये कार्बनची काजळी ठासलेली. ही काजळी वीज वाहून नेते, म्हणजे पाकळ्या आपसांत शॉर्ट होतात, मोटार गुरगुरते, तापते, पण फिरत नाही. टोकदार लाकडी काडीने एकेक चीर मोकळी करायची. धातूची सुई नको, तांब्यावर ओरखडा उठतो आणि पुढे तोच ब्रश खातो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसत राहायचं, तांबं उजळेपर्यंत. बेअरिंगला सुईच्या टोकावर राहील एवढंच तेल, कम्युटेटरला अजिबात नाही. ब्रश अर्ध्याहून अधिक झिजले असतील तर बदलावेत, स्प्रिंग मात्र चांगली असेल तर जुनीच ठेवावी. एवढं करून व्होल्टेज हळूहळू चढवलं की आधी थोडी ठिणगी दिसते, ओझोनचा तो ओळखीचा वास येतो आणि चाकं फिरू लागतात. जुनं कायम चुंबक असलेल्या मोटारीतलं आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरता भाग) मात्र उगीच बाहेर काढू नये. चुंबकाच्या टोकांवर लोखंडाची पट्टी न ठेवता ते काढलं तर चुंबक क्षीण होतो, आणि मग तो पुन्हा चुंबकित करून घ्यावा लागतो.

एका दुखण्याला मात्र औषध नाही. १९२०–३० च्या दशकांतल्या बऱ्याच जस्ताच्या ओतीव भागांत थोडंसं शिसं मिसळलेलं असे. तेवढ्याने धातूच्या कणांच्या सीमांवर आतून गंज धरतो, भाग फुगतो, वाकतो, त्याला जाळीदार भेगा पडतात आणि एक दिवस चाक बोटांत चुरतं. १९२९ मध्ये अतिशुद्ध जस्ताची झमॅक ही मिश्रधातू आली आणि पुढे भाग असे चुरण्याचं प्रमाण कमी होत गेलं. अशा चाकाला गोंद लावत बसू नये. नवं ओतलेलं चाक बसवावं आणि जुन्याचे तुकडे चिठ्ठी लावून पाकिटात जपावेत, म्हणजे पुढच्या माणसाला काय बदललं ते कळेल.

आता डिजिटलविषयी. नव्याने लेआउट करणाऱ्याने डिजिटल जरूर वापरावं, माझा विरोध नाही. पण चिप बसवायची तर मोटारीचे दोन्ही ब्रश इंजिनाच्या सांगाड्यापासून विद्युतदृष्ट्या वेगळे करावे लागतात. जुन्या तीन रुळी, म्हणजे मधल्या तिसऱ्या रुळातून वीज घेणाऱ्या, इंजिनांत एक ब्रश बहुधा सांगाड्यालाच जोडलेला असतो. म्हणजे कापाकापी आली. शिवाय लायोनेलसारख्या गाड्या एसीवर चालतात. वीज तोडून पुन्हा दिली की आतला दिशा बदलणारा ड्रम एक घर पुढे सरकतो: पुढे, थांब, मागे, थांब. हीच तिची स्मरणशक्ती. १९३५ नंतरच्या लायोनेल गाड्यांत तर एसीवर थोडा डीसी चढवला की शिटी वाजते. रुळांतूनच जाणारा, चिपशिवायचा हुकूम! असं डोकं चालवून केलेलं यंत्र काढून टाकायचं आणि त्या जागी कुठल्याही गाडीत असते तशी चिप घालायची, यात आपण काय मिळवतो?

तिसऱ्या रुळाला लोक नावं ठेवतात, खऱ्या रेल्वेसारखं दिसत नाही म्हणतात. बाहेरचे दोन्ही रूळ विजेच्या एका टोकाला आणि मधला दुसऱ्या टोकाला जोडलेला, म्हणून गाडी वळसा घालून त्याच मार्गावर उलट्या तोंडाने आली तरी शॉर्ट होत नाही. दोन रुळांच्या लेआउटवर या वळशासाठी इन्सुलेटेड तुकडा आणि टोकं पालटणारा स्विच लागतो. आणखी एक गंमत: बाहेरच्या एका रुळाचा लहान तुकडा विजेपासून वेगळा केला की गाडीची चाकंच स्विचचं काम करतात. गाडी आली की सिग्नल लाल, गेली की हिरवा. लहान मुलांना हे दाखवावं, दिवसभर हलत नाहीत.

जुन्या धाटणीचा लेआउट बांधायला महागडं सामान लागत नाही. लाकडी चौकट, वर प्लायवूड. डोंगराला जाळी, त्यावर खळीत भिजवलेला वर्तमानपत्राचा कागद आणि वर प्लास्टर. गवत म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा. वळणं थोडी तीव्र, फलाट जरा मोठा वाटला तरी चालेल, त्या काळी असंच असे. तांत्रिक बाबतीत मात्र हयगय नको. रुळांचे जोड कालांतराने सैल पडतात आणि गाडी लांबच्या कोपऱ्यात मंदावते. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर खालून वेगळी वायर देऊन रुळाला सोल्डर करावी. रूळ साफ करायला स्टील वूल कधीही नको. त्याचे बारीक कण मोटारीच्या चुंबकाला चिकटतात आणि आर्मेचर खातात. आणि कुणाचा तरी जुना, पडून असलेला लेआउट मिळाला तर काहीही उचकटण्याआधी फोटो काढा, प्रत्येक वायरला खूणचिठ्ठी बांधा, आणि आधी एकच गोल चालू करा.

जे निर्धास्तपणे फेकून द्यावं असं एकच आहे: जुना ट्रान्सफॉर्मर. फेकायचा नसेल तर कपाटात शोभेला ठेवा. त्याच्या वायरचं रबर वाळून तडकलेलं असतं, काहींच्या आत अॅस्बेस्टॉस असतो, धातूची पेटी बहुधा अर्थ केलेली नसते. काहींतला सेलेनियम रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) जळला तर विषारी, कुजकट वासाचा धूर येतो. मी उघडलेल्या कित्येक पेट्यांमध्ये हात लावताच वायरचं वेष्टण बिस्किटासारखं गळून पडलं, आणि तांबं उघडं होतं. हौसेने माळ्यावरून खोका काढून मुलांसमोर प्लग लावणारे पालक माझ्या डोळ्यांसमोर येतात. गाडीला लागणारं व्होल्टेज देणारा, फ्यूज असलेला, प्रमाणित नवा ट्रान्सफॉर्मर घ्या. गाडीचं जुनेपण त्याने तसूभरही कमी होत नाही.

माझी विनंती एवढीच, की ट्रान्सफॉर्मरची ही सूचना आपण पुढच्या पुरवणीत चौकट करून छापावी. आणि त्या लेखाच्या लेखकांना हवं असेल तर तीन रुळी इंजिनांच्या जोडण्यांची माझी वही मी आनंदाने पाठवीन. चिप बसवायला निघण्याआधी त्यांनी एकदा ती पाहावी.

आपला,
एक निवृत्त मोटार रिवाइंडर