काका, तुम्ही आधी बघितलंत

काका, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "अरे त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहून पाठवतोय. इथे तुम्हाला मला मधेच तोडता येणार नाही.

काल रात्री जिलबी आणि बुंदी, माझ्या दोन्ही समुद्री माशांना, परत मोठ्या टँकमध्ये सोडलं. टँक रिकामा ठेवल्याला ७६ दिवस पूर्ण झाले. बुंदी लगेच दगडामागे गेला, पण जिलबी दोनेक मिनिटं काचेजवळ थांबली आणि मग सरळ तिच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन शेपटीने वाळू उडवायला लागली, जशी आधी उडवायची अगदी तशीच. लेक माझा हात धरून उभी होती, तिला रडू आवरेना, आणि खरं सांगतो, मलाही.

तुम्ही यायच्या आधी मी तीन दुकानं फिरलो होतो काका. राग अजून गेलेला नाही. लेकीच्या वाढदिवसाला ब्ल्यू टँग हा निळा मासा घेतला तो "एकदम फिट पीस आहे साहेब" म्हणूनच दिला होता, वेगळ्या टँकमध्ये काही दिवस ठेवा असं एका शब्दाने कोणी म्हटलं नाही. चौथ्या दिवशी त्याच्या अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, दोन मिनिटांत उत्तर आलं की इच (पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग) आहे, कॉपरची म्हणजे तांब्याच्या औषधाची बाटली घेऊन जा, टँकमध्ये टाका. टाकलं. सकाळी उठून बघतो तर क्लीनर श्रिंप (माशांचं अंग साफ करणारी छोटी कोळंबी) वाळूवर आडवा, गोगलगायी काचेवरून खाली पडलेल्या. कॉपरने श्रिंप मरतो हे विकणाऱ्याला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? त्याने विचारलंच नाही की टँकमध्ये अजून काय काय आहे. मग डाग गेले तेव्हा दुसऱ्या दुकानदाराने "झाला बरा" म्हणून सांगितलं, आणि आठवड्याभरात दुप्पट डाग घेऊन टँग गेला. दगडावर उगवलेल्या त्या एप्टेशियाला, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या उपद्रवी समुद्री जीवाला, तर तिसऱ्याने "फुकट ॲनिमोन मिळालं तुम्हाला" म्हटलं होतं, आणि मी चिमट्याने ओढून काढत राहिलो, जितके तुकडे तितकी नवीन.

या सगळ्यात सगळ्यांनी मला काहीतरी दिलं. बाटली, पावडर, सल्ला. माझ्या माशाकडे मात्र कोणी बघितलं नाही.

तुम्ही डोंबिवलीहून ठाण्याला लोकलने आलात, रविवारी, तेही मेगाब्लॉकच्या दिवशी, ज्याला कधी भेटला नाहीत अशा माणसाकडे, मित्राच्या मेव्हण्याच्या एका फोनवर. मला वाटलं आता झाडतील, कारण टँकची अवस्थाच तशी होती, दगडांवर शेवाळाचे हिरवे केस, वाळूवर लाल चिखलासारखा थर. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. लाईट बंद करायला सांगितलीत, पेपर अंथरून जमिनीवर बसलात, मनगटावरचं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलंत आणि छोट्या टॉर्चने जिलबीचे कल्ले बघत तिचे श्वास मोजायला लागलात. एक मिनिट. मग एका बिलाच्या पाठीमागे आकडा लिहिलात. मग बुंदीचे. मग परत जिलबीचे. बायकोने ठेवलेल्या चहावर साय धरली तरी तुमचं लक्ष नव्हतं. चाळीस मिनिटं तुम्ही त्या दोन बोटभर माशांसमोर अंधारात बसलात, काका. मी मागे उभा होतो आणि मला तेव्हाच वाटलं की आता काहीही होवो, निदान कोणीतरी त्यांना बघतंय.

बाकीचं काय केलंत ते इथे लिहीत नाही, ज्यांना हवं त्यांना मी स्वतः सांगेन. पण एक गोष्ट तुम्ही इतकी सोपी करून सांगितलीत की ती माझ्या लेकीलाही पाठ झालीय. डाग गेला म्हणजे रोग गेला नाही, तो किडा पोट भरून खाली वाळूत पडलाय, तिथे कवच करून बसणार आणि त्यातून शेकड्यांनी पिल्लं निघून परत मासा शोधणार. औषध लागतं ते त्या पोहणाऱ्या पिल्लांना, म्हणून मासे बाहेर काढून टबात मोजून कॉपर, आणि मोठा टँक माशांशिवाय उपाशी ठेवायचा. एवढं वाक्य मला आधी कोणी सांगितलं असतं तर टँग आज असता.

आणि ते पाणी! निघताना तुम्ही "जरा पाणी द्या" म्हणालात, बायकोने ताटलीत ग्लास आणला, तुम्ही खिशातून टीडीएसचं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) पेन काढून त्या ग्लासात बुडवलंत. ८४. मी दीड वर्ष किचनमधल्या आरओचं पाणी "शुद्ध" म्हणून मीठ कालवून टाकत होतो, आणि त्या मशीनला मुद्दाम थोडं साधं पाणी परत मिसळायची सोय असते, पिण्याला चव यावी म्हणून, हे मला माहीतच नव्हतं. त्यातूनच शेवाळाला रोज खुराक जात होता. तुम्ही ओरडला नाहीत. "प्यायला उत्तम आहे, यांना चालत नाही" इतकंच म्हणालात आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलंत.

मग पुढचा महिनाभर रोज रात्री साडेनऊला तुमचा फोन. हॅलो नाही, काही नाही, थेट "जेवली का?" ज्या दिवशी जिलबीने पहिल्यांदा टबात कोळंबीचा तुकडा तोंडात धरला त्या दिवशी तुम्ही फोनवर जे "वा!" म्हणालात ना, ते मला घरच्या माणसाच्या परीक्षेचा निकाल लागल्यासारखं वाटलं.

पैशाचं विचारलं तर तुम्ही रागावलात, तिकिटाचेही घेतले नाहीत. मला आजकाल राहून राहून वाटतं की अशी माणसं आहेत, रेल्वेत आयुष्यभर नोकरी करून रिटायर झालेली, ज्यांच्याकडे या विषयाचं एवढं ज्ञान आहे आणि जी ते कुठेही विकत नाहीत, कोणाला कमी लेखत नाहीत, नुसतं बोलावलं की येतात. दुकानात माल असतो, पण जीवावर जीव लावणारी माणसं अशी घराघरांत बसलेली असतात, त्यांच्यापर्यंत आपण पोचत नाही. मी दीड महिना उशिरा पोचलो.

हिरवे केस आता फक्त मागच्या एका दगडावर उरलेत. एप्टेशिया तीन आहेत, रोज मोजतो, हात लावत नाही. नवीन मासा इतक्यात आणणार नाही, आणि आणला तर तो टब तयार आहे, माशाला लपायच्या पाईपच्या तुकड्यासकट.

पाण्याचा खारटपणा मोजायचा तुमचा रिफ्रॅक्टोमीटर अजून माझ्या शेल्फवर आहे. त्याच कामाचं माझं हायड्रोमीटर खोटं बोलतं हे बघून तुम्ही मुद्दाम विसरून गेलात हे मला कळलंय. नवीन आलाय माझा, दोन्हींचं रीडिंग जुळवून बघितलं. तुमचा घेऊन येत्या रविवारी डोंबिवलीला येतोय, लेकही येणार म्हणतेय, तिला तुमचा टँक बघायचाय. काकूंना सांगा, जेवण करून येणार नाही आहोत.