३७७ म्हणून भलताच सेल पाठवलात त्याबद्दल तक्रार

नमस्कार,

घड्याळासाठी ३७७ नंबरचा सेल मागवला आणि पाकिटात एजी४ निघाला, त्याबद्दलचा हा माझा तिसरा मेल. आधीच्या दोन्हींना "दोन्ही सेलची साईज सेम आहे, काळजी नसावी" एवढंच उत्तर आलंय, म्हणून आता सविस्तर लिहितोय, कोणीतरी शेवटपर्यंत वाचा प्लीज.

माझं घड्याळ साधं, स्वस्तातलं क्वार्ट्झ. बंद पडलं तेव्हा सेल घरीच बदलू म्हटलं, झाकण दाबून बसवलेलं होतं, कडेच्या खाचेत पातळ पातं घालून जरा पिळलं की टक्कन उघडतं. आतल्या जुन्या सेलवर ३७७ आणि एसआर६२६एसडब्ल्यू असं कोरलेलं, भिंगातून दोनदा वाचून तेच तुमच्याकडून मागवलं. पाकिटावर पुढे ठळक ३७७, आत बघतो तर सेलवर एजी४! मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ३७७/एजी४/एलआर६२६ असं सगळं एका ओळीत कोंबलेलं. म्हटलं असेल एकच, आणि बसवला. माझी चूक काय ती एवढीच.

साईज सेम हे मलाही मान्य आहे हो, ६.८ मिमी व्यास, २.६ मिमी जाडी, चपखल बसतो. पण एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, १.५५ व्होल्टचा, आणि संपत येईपर्यंत जवळपास तेवढाच देत राहतो. एलआर, म्हणजे तुम्ही पाठवलेला एजी४, हा अल्कलाइन, तो १.५ वर सुरू होतो आणि वापरू तसा उतरतच जातो. घड्याळातला क्वार्ट्झचा क्रिस्टल बिचारा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावत बरोबर वेळ मोजत असतो, पण काटा पुढे ढकलायला मोटरला जोर लागतो, तोच कमी पडला तर काय उपयोग. चौथ्या महिन्यात माझा सेकंद काटा ९ च्या जवळ येऊन जागच्या जागी थरथरायला लागला, वर चढेचना. घड्याळ टेबलावर आडवं ठेवलं की चालायचं, हातात घातलं की अडकायचं, आठवडाभर मी माझ्याच मनगटाला दोष देत होतो.

शेवटी उघडलं तर सेलच्या कडेने पांढरी पावडर फुटलेली आणि ती खालच्या पत्र्याच्या पट्टीवर उतरलेली. इअरबडने पुसून दुसरीकडून आणलेला खरा ३७७ घातला, तरी काटा ढिम्म.

यावर तुमच्या कस्टमर केअरचं म्हणणं, घरी बदलल्यामुळे खराब झालं असेल. अहो, प्लॅस्टिकचा चिमटा वापरला होता, सेलला बोटसुद्धा लावलं नाही, प्लसची बाजू वर ठेवली, रबरी रिंग नीट खोबणीत बसवली. सेल लीक झाला त्यात माझा हात कुठे आला?

मला सेलचे पैसे परत हवेत आणि घड्याळाची मशीन बदलायचा खर्चही. आणि पाकिटावर ३७७ छापायचं तर आत ३७७ च द्या, अल्कलाइन द्यायचा असेल तर तसं पुढच्या बाजूला मोठ्याने लिहा.

फोटो सोबत जोडलेत. लीक झालेला सेल चिकटपट्टीत गुंडाळून डबीत घालून वरच्या फळीवर ठेवलाय, घरात लहान मूल आहे आणि असली वस्तू पोटात गेली तर काय होतं ते मला माहितीये. परत हवा असेल तर कुरिअरवाला तुम्हीच पाठवा, आणि जरा लवकर.

तुमचा वैतागलेला ग्राहक