यंदा गल्लीत पाच घागरी

तापीकाठ, चोपडा तालुका
होळीनंतरचा रविवार

प्रिय दोस्ता,

परवा तुझा फोन मी मध्येच ठेवला, राग धरू नकोस. तू विचारलंस, "वायरमन अण्णाही गेले? कशानं?" आणि मला पुढं बोलवेना. हा 'कशानं' वर्षभर ऐकून कान विटले आहेत. दुखवट्याला दारावर येणारा प्रत्येक जण चपला काढून सतरंजीवर टेकला की तेच विचारतो. काय झालं होतं, कुठल्या दवाखान्यात नेलं, किती दिवस काढले. मग दोन मिनिटं गप्प बसायचं, कोणी तांब्या पुढं करतो, घोटभर पाणी पिऊन उठायचं. ऐंशी-नव्वद वर्षं जगलेल्या माणसाचे शेवटचे चार दिवस तेवढे सगळ्यांना तोंडपाठ होतात.

गेल्या आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, या होळीपर्यंत आपल्या गल्लीतली पाच माणसं गेली. येत्या आखाजीला पाच घरांत पहिल्यांदा त्यांच्या नावाची घागर भरली जाईल, वर खरबूज, सांजोऱ्या आणि आंबा ठेवला जाईल, निखाऱ्यावर आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास, पडेल. तुला सुरतेत बसून कळलं ते ग्रुपवरच्या फोटोंतून. हार घातलेला फोटो आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. म्हणून फोन न करता लिहितोय. ते कसे गेले हे या पत्रात नाही.

आधी पारावरचे बाबा. वय विचारलं की ते आकडा कधी सांगत नसत. "फैजपूरच्या काँग्रेसला मी आठ वर्षांचा होतो," एवढंच म्हणत. ते अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरातलं, खेड्यात भरलेलं पहिलं. नंदलाल बोसांनी बांबू आणि तट्ट्यांतून अख्खं टिळकनगर उभं केलं होतं, आणि बाबांचे वडील बैलगाडी जुंपून, वाटेत मुक्काम करत, घरच्यांना ते दाखवायला घेऊन गेले होते. शाळेत असताना आपण दोघं त्यांना खोदून खोदून विचारायचो, नेहरू कसे दिसत होते, गांधीजी काय बोलले. आठवतं ते काय म्हणायचे? "नेहरू दूर व्हता रे भो, बैल मन्हा जोडे व्हतात." बैल माझ्याजवळ होते. अध्यक्षांचा रथ ओढणाऱ्या बैलांची शिंगं, खांदे, रंग त्यांना ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनीही जसेच्या तसे सांगता यायचे. तेव्हा आपल्याला वाटायचं, म्हाताऱ्यानं एवढं मोठं काही पाहिलं आणि लक्षात काय ठेवलं तर बैल! आता मला ते फार खरं वाटतं. आठ वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोरानं जे पाहिलं तेच त्यांनी आयुष्यभर सांगितलं, त्यात पुढं वाचलेलं-ऐकलेलं काही मिसळलं नाही. ट्रॅक्टर दारात उभा राहिला तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी ते घराघरात जाऊन बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावली की नाही, ते हात फिरवून बघत. आता ते कोण बघणार.

जत्रेत एकमेकींना बांधलेल्या बारागाड्या ओढणारा भगतही गेला. त्याच्याशी माझं फारसं बोलणं नव्हतं. बाकी वर्षभर तो गवंडी. आपल्या गल्लीतले निम्मे ओटे त्याच्या हातचे आहेत आणि अजून एकालाही तडा नाही, हे मी त्याच्या दारावर सांगितलं तेव्हा त्याच्या बायकोनं मान वर केली.

अण्णांचं तुला माहीतच आहे. मोटार जळाली की वाइंडिंग तेच करत, म्हणून सगळे वायरमन म्हणत. शेतीची लाइट रात्रीची असली की बारा-एकला गल्लीत त्यांची हाक यायची, "लाइट उनी रे!" वीज आली रे. त्यांचं स्वतःचं शेत नव्हतं. ज्याला शेत नाही तो माणूस दुसऱ्यांच्या पाण्यासाठी तीस वर्षं रात्री जागत होता, हे माझ्या आत्ता हे लिहिताना ध्यानात येतंय.

आणि जिजी. तिचं लिहायला घेतलं की तू नक्की डोळे पुसशील, कारण तुझी माय आजारी होती ते सगळं वर्ष तू तिच्याच ताटात जेवलास. तिचा तो प्रश्न, "जेवना का रे मन्हा पोऱ्या?" आणि आपण हो म्हटलं तरी आधी तोंडाकडे बघायची, मग विश्वास ठेवायची.

तिच्या हातचे खापरावरचे मांडे आपण शेकड्यांनी खाल्ले, पण ती ते कसे करते हे मी नीट पाहिलं ते अगदी अलीकडं, तीन वर्षांपूर्वी, धाकट्या बहिणीच्या लग्नात. गहू आदल्या दिवशी ओलवून, दळून, पीठ कपड्यानं गाळलेलं. ते भिजवून इतकं तिंबायचं की हाताला रबरासारखं ओढ देतं. दोन लहान पुऱ्यांच्या मध्ये पुरणाचा गोळा, कडा दाबून बंद. तिथून पुढं पोळपाट नाही, लाटणं नाही. दोन्ही हातांवर झेलत, मनगटावरून कोपरापर्यंत फिरवत ती तो मांडा वाढवत न्यायची आणि तो खाली लोंबायला लागला की उपड्या खापरावर अलगद अंथरायची. चुलीत कपाशीच्या काड्या. जाळ जरा कमी-जास्त झाला की बघायची नाही, नुसत्या वासावर सुनेला म्हणायची, "एक काडी काढ." कोपरापर्यंत दोन्ही हातांना पोळल्याचे डाग होते. लग्न असो, कानबाईचे रोट असोत, आखाजी असो, तिला बोलावणं गेलं नाही असं घर नाही. पैसे कधी घेतले नाहीत. ऐन तिशीत नवरा गेला, तेव्हापासून शुभकार्यात बायका तिला पुढं येऊ देत नसत. हळदीला, ओटी भरायला ती मागं भिंतीशी. पण चुलीपाशी तिच्याशिवाय कोणाचं पान हलत नव्हतं. हे मी लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलं आणि यात काही चुकतंय हे मला कधी टोचलं नाही. आता टोचतं. तिच्या जिवंतपणी एकदा तरी तिची ओटी भरायला बायकोला सांगायला हवं होतं.

तिच्या गंधमुक्तीला, दुखवटा संपतो त्या दिवशीच्या जेवणाला, मांडे करायला कोणी नव्हतं. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी झाली. तिचं खापर तिच्या सुनेनं आमच्याकडे आणून दिलंय. घरात रोज एकदा पीठ तिंबून बघणं चाललंय. मनगटापर्यंत येतो आणि फाटतो.

आता आपल्या तिघा दोस्तांतला तिसरा. हे लिहायचं मी शेवटपर्यंत टाळलं.

२०२१ च्या एप्रिलात माझे वडील, दादा, गेले तेव्हा गल्लीत कोणी बाहेर पडत नव्हतं. आम्ही चौघं होतो, मी, भाऊ, अण्णा आणि हा. दारावर सतरंजीच टाकली नाही, कारण येणारं कोणी नव्हतं. तेरा दिवस मी रिकाम्या ओट्यावर बसून काढले. त्यात दोनच गोष्टी घडल्या. तू फोन केलास आणि पाऊण तास दादांनी तुला विहिरीत पोहायला शिकवलं त्याचं सांगत राहिलास, दोर कसा बांधला, मध्येच कसा सोडून दिला. 'कशानं' असं तू विचारलंच नाहीस. आणि हा रोज संध्याकाळी येऊन ओट्याच्या त्या टोकाला बसायचा, दादांच्या बाजारातल्या भांडणांच्या गोष्टी सांगायचा. मला माझा बाप परत मिळाला तो तुम्हा दोघांमुळं. त्याच्या आदल्या वर्षी लॉकडाऊनमध्ये व्यापारी फिरकेना आणि केळी बागेत पिकायला लागली, तेव्हा यानं घड कापून ट्रॅक्टरवर लादले आणि गल्लीत प्रत्येक दारात एकेक ठेवला. घरात हप्ता थकलेला होता हे मला नंतर कळलं. पुढं एका पावसाळ्यात बागेवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला. पानांवर पिवळे पट्टे दिसले की रोप उपटून नष्ट करावं लागतं, नाहीतर मावा तो रोग सगळ्या बागेत नेतो. आम्ही दोघांनी दोन दिवस रोपं उपटली. मी बांधावर डोकं धरून बसलो तर हा म्हणाला, "परत लावसू." आणि लावली.

रात्री मात्र डफ. वहीचा, म्हणजे आपल्याकडच्या वहीगायनाचा, फड त्याच्या मळ्यात बसायचा, गल्लीतली सहा-सात पोरं त्यानं तयार केली आहेत. नवरात्रात ती गायली, त्याच्या जागी कोणी बसलं नाही.

त्याची मुलगी यंदा बारावीला आहे. मी तिला मला ठाऊक होतं ते सगळं सांगितलं, तिच्या वहीत ती लिहून घेते. परवा तिनं विचारलं, "काका, पप्पा लग्नाआधी सुरतेला कामाला गेले होते ना? मग अकरा दिवसांत परत का आले?" मला सांगता येईना. तो मला कधी बोलला नाही. तेव्हा तुझ्या उधन्याच्या खोलीवर तो होता, ते अकरा दिवस फक्त तुझ्याकडे आहेत.

आखाजीला ये. भुसावळकडे येणाऱ्या गाडीनं अमळनेरला उतर, मी मोटारसायकल घेऊन स्टेशनवर येतो. वहिनी आणि पोरांनाही आण. पण तू एकटा तरी येच, ती वही घेऊन बसणार आहे.

तुझा,
ओट्यावरचा