कॉफीचं भांडं घेण्याआधी

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले चारही फोटो पाहिले: मोका पॉट (शेगडीवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी करायचं भांडं), फ्रेंच प्रेस (जाळीचा दांडा खाली दाबून कॉफी गाळायचं काचेचं भांडं), एरोप्रेस (कागदी गाळणीतून कॉफी दाबून काढायची नळी) आणि दाक्षिणात्य पद्धतीचा स्टीलचा फिल्टर. त्यातला मोका पॉट आधी बाजूला काढ. तो बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि तुझ्या इंडक्शनवर ॲल्युमिनियम तापत नाही. स्टीलचा मिळतो, पण बूड लहान असलं तर बऱ्याच शेगड्या तो ओळखतच नाहीत.

उरलेल्या तिघांत निवड करायची तर आधी तुला पावडर कुठली सहज मिळते ते बघ. प्रत्येक साधनाला दळण वेगळं लागतं. फ्रेंच प्रेसला जाड रव्याइतकं, फिल्टरला त्याहून बरंच बारीक, पण पीठ नव्हे. तुझ्याकडे ग्राइंडर नाही, आणि मिक्सरमध्ये बिया फिरवल्या की थोडं पीठ होतं, थोडे खडे राहतात. पिठातून कडूपणा उतरतो, खड्यांतून धड काही उतरत नाही, आणि एकाच कपात कडू नि आंबट दोन्ही लागतं. उलट परळहून माटुंगा जवळ. तिथे समोर दळून देणाऱ्या दुकानात ‘फिल्टरसाठी’ एवढं सांगितलं की योग्य दळण मिळतं. शिवाय तुला सकाळी दुधाचीच कॉफी लागते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: स्टीलचा फिल्टर घे.

घेताना सर्वांत लहान घे, एक-दोन कपांचा. मोठ्या फिल्टरात थोडी पावडर घातली की थर पातळ होतो, पाणी भरकन खाली जातं आणि डिकॉक्शन, म्हणजे खाली गळणारा कॉफीचा अर्क, पाणचट उतरतं. फिल्टरची दोन भांडी एकावर एक बसतात; तळाला भोकं असलेलं वरचं भांडं उजेडासमोर धरून बघ. भोकं अगदी बारीक आणि सारखी हवीत. पितळेचा दिसायला सुरेख असतो, पण आतून कल्हई हवी आणि ती वेळोवेळी करून घ्यावी लागते. तुला ते जमणार नाही.

आता कृती. वरच्या भांड्यात 15 ते 18 ग्रॅम पावडर घाल, म्हणजे साधारण तीन टेबलस्पून. भांडं हलकेच आपटून थर सारखा कर आणि फिल्टरसोबत येणारी दांड्याची चकती पावडरीवर नुसती टेकव. दाबून बसवलीस तर पाणी अडतं. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांब. आधी पावडर भिजेल इतकंच, दोन-तीन चमचे ओत, परत अर्धा मिनिट थांब, मग एकूण 100 मिली होईल इतकं सावकाश ओतून झाकण लाव. 15 ते 20 मिनिटांत थेंब थांबतात. पावडर बरंच पाणी धरून ठेवते, म्हणून खाली 60-70 मिलीच मिळेल. त्यातलं 30-40 मिली आणि 120 मिली गरम दूध, हा एक कप. डिकॉक्शन कधीही उकळू नकोस, त्याचा वास उडतो आणि कडूपणा तेवढा उरतो. उरलेलं झाकून फ्रिजमध्ये ठेव नि दुसऱ्या दिवशी संपव.

पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर पावडर जाड आहे. तासाभरानंतरही वर पाणी साचलेलं असेल तर तीन कारणं बघ: दळण फार बारीक, चकती घट्ट, किंवा चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) जास्त. चिकोरी पाणी शोषून फुगते आणि वाट अडवते. पाकिटावर तिचं प्रमाण छापलेलं असतं; 20 टक्क्यांपर्यंत ठीक, आपल्याकडे 49 टक्क्यांपर्यंतचीही विकली जाते. चौथं कारण चटकन सुचत नाही: दोन भांडी इतकी घट्ट बसतात की खालची हवा बाहेर पडत नाही. वरचं भांडं फडक्याने धरून किंचित उचल, थेंब लगेच सुरू होतात. गार झाल्यावर दोन्ही अडकली तर खालचं भांडं मिनिटभर गरम पाण्यात धर, सुटतील.

भोकं बुजली तर टाचणी खुपसू नकोस, ती मोठी होतात. व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर भिजत ठेव आणि जुन्या टूथब्रशने खालच्या बाजूने घास. चोथा बेसिनमध्ये न टाकता ओल्या कचऱ्यात टाक, नाहीतर पाइप तुंबेल.

पुढे काळी कॉफी आवडायला लागली तर आधी हाताने फिरवायचा बर ग्राइंडर (दातेरी चकत्यांमध्ये बिया सारख्या दळणारा) घे, मग एरोप्रेस. ॲलन ॲडलर यांनी 2005 साली बाजारात आणलेलं हे साधन प्लास्टिकचं आहे, फुटत नाही, आणि दोन मिनिटांत कप होतो. कागदी गाळणीमुळे कॉफीतलं कोलेस्टेरॉल वाढवणारं तेलही बरंचसं अडतं. फ्रेंच प्रेसच्या जाळीतून ते थेट कपात येतं. शिवाय त्याची काच धुताना फुटते, आणि बारीक पावडर घालून दांडा जोराने दाबला तर गरम पाणी अंगावर उडतं. तो घेऊच नकोस.

पावडर एका वेळी 100 ग्रॅमच आण, हवाबंद डब्यात ठेव, आणि कधी भाजली ते दुकानदाराला विचारून घे.

तुझी,
आई