विषय: समृद्धीवरचं मायलेज ११.५ वरून ८.६ वर आलं आहे. थर्मोस्टॅट तपासा.

प्रति,
ग्राहकसेवा विभागप्रमुख

महोदय,

आज दुपारी तुमच्या कस्टमर केअरने फोन ठेवला आणि लगेच मेसेज आला: ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कृपया ५ स्टार द्या.’ निराकरण झालेलं नाही. थर्मोस्टॅटला, म्हणजे इंजिन गार असताना कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवणाऱ्या झडपेला, अजून कुणी हातसुद्धा लावलेला नाही. म्हणून आता लेखी.

गाडी तुमचीच. सात सीटर, दोन लिटर टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक, २०२३ ची. ती किती जड आणि वाऱ्याला किती आडवी हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. ती छोट्या गाडीसारखी अठरा देणार नाही हे घेतानाच ठाऊक होतं. ब्रोशरमधला आकडाही मी मागत नाही. तो रोलरवर, एसी बंद ठेवून, ९० च्या वर न जाणाऱ्या ठरलेल्या चक्रात मोजतात. तो रस्त्यावर मिळत नाही, मान्य.

माझी तुलना माझ्याच गाडीशी आहे. नाशिकहून सिन्नर, तिथून समृद्धीने नागपूर. क्रूझ ९० वर, एसी चालू, घरातली तीच माणसं. पूर्वी ११.५ मिळायचं. आता त्याच रस्त्याला, त्याच वेगाला ८.६. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, पंपाचा पहिला ऑटो-कट झाला की थांबायचं, वर एक थेंब नाही. गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा मी धरत नाही. तो अजून १०.४ सांगतो आणि तुमचा ॲडव्हायझर दर वेळी मला तोच वाचून दाखवतो.

टायरची हवा दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, आणि टायर गार असताना भरलेली आहे. टपावरचा कॅरिअर काढला. अलाइनमेंट झालं. एअर फिल्टर नवा आहे. ब्रेक धरून राहतात का म्हणून प्रवास संपल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, एकही चाक वेगळं तापत नाही. मग गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला. सपाट महामार्गावर कूलंट ७० अंशांच्या वर टिकत नाही. चढाला थोडं वर जातं, उताराला पुन्हा पडतं. या इंजिनाने ९० च्या आसपास राहायला हवं, हे तुमच्या इंजिनिअरांना मी सांगायला नको.

आमच्या ओळखीच्या मेकॅनिकनी तर काहीही न उघडता दाखवून दिलं. सकाळी इंजिन गार असताना चालू करायचं आणि थर्मोस्टॅटपासून रेडिएटरकडे जाणाऱ्या होजवर (रबरी नळीवर) हात ठेवायचा. थर्मोस्टॅट नीट मिटत असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग चटकन तापतो. माझ्या गाडीत तो पहिल्या मिनिटापासून इंजिनाबरोबरच कोमट होत जातो. म्हणजे थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे. झाकण न ठेवता डाळ शिजवावी तसं हे इंजिन पेट्रोल जाळत राहतं आणि तापत मात्र नाही. गार इंजिनात ऑईल दाट राहतं, घर्षण वाढतं. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, वाटतं वॉर्म-अप चालूच आहे, म्हणून तो मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) ठेवतो आणि गिअरबॉक्सला लॉक-अप, म्हणजे इंजिनाशी थेट पकड, उशिरा करू देतो. पूर्वी ९० ला १७०० आरपीएम असायचे, आता बराच वेळ दोन हजारांच्या पुढे असतात. पेट्रोल जातंय ते इथे.

हे सगळं, स्कॅनरच्या फोटोंसकट, मी तुमच्या वर्कशॉपला दिलं. पी ०१२८ हा पेंडिंग कोडही (संगणकाने नोंदलेला, पण अजून पक्का न झालेला दोष) दाखवला. कूलंट ठरलेल्या तापमानाला पोचत नाही, एवढाच त्या कोडचा अर्थ. उत्तर आलं, ‘चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही, म्हणजे फॉल्ट नाही.’ पेंडिंग कोडला दिवा लागत नाही. तो दोष पुन्हा पक्का झाल्यावर लागतो. हे तुमच्या सर्व्हिस सेंटरला ग्राहकाने शिकवायचं का?

आता आजचा फोन. रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, ते स्वतः ऐका. मी कूलंटचं तापमान सांगायला सुरुवात केली तर त्या गृहस्थांनी मध्येच विचारलं, ‘मॅडम, गाडी आपण चालवता की सर?’ मी चालवते म्हटलं. ‘मग एकदा सरांना फोन द्याल का, टेक्निकल आहे म्हणून.’ महोदय, आमच्या ‘सरां’कडे लायसन्सच नाही. बावीस वर्षं घरातली प्रत्येक गाडी मीच चालवली आहे. ते सांगितल्यावर त्यांनी मला टिप्स वाचून दाखवल्या: हलका पाय ठेवा, एसी कमी वापरा, शक्य असेल तिथे काचा उघडा. मे महिन्यात विदर्भात, मागे ऐंशीच्या घरातल्या सासूबाई बसलेल्या असताना, ९० च्या वेगाला काचा उघडा! त्या वेगाला उघड्या काचांनी वाऱ्याचा अडसर वाढतो, एवढंही त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. मी पुन्हा थर्मोस्टॅट म्हटलं. तेव्हा ते हसले. खरोखर हसले. आणि म्हणाले, ‘मॅडम, एवढी मोठी गाडी घेतल्यावर पेट्रोलचा हिशेब कोण करतं?’

मी करते. घरात सात माणसं आहेत आणि सासूबाईंना खाली वाकून गाडीत शिरता येत नाही, म्हणून ही गाडी घेतली. हप्ते मी भरते, पेट्रोलही मीच भरते. हे वाक्य तुमच्या शोरूममध्ये विक्रीच्या दिवशी कुणी का म्हटलं नाही? त्या दिवशी तर चहाबरोबर मायलेजच सांगत होता.

याआधी याच वर्कशॉपने ई२० कडे, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलकडे, बोट दाखवलं होतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई१० ला जुळवलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली आहे. माझ्या गाडीच्या तर पेट्रोलच्या झाकणाआडच ई२० लिहिलं आहे. आणि ११.५ मिळत होतं तेही याच पंपावरच्या ई२० वर. माझा तोटा चौथ्या हिश्शाचा आहे. बाकीचा कुठे गेला?

शेवटच्या सर्व्हिसचं बिलही पाहा. त्यात नुसतं ‘इंजिन ऑईल’ आहे, ग्रेड नाही. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० आहे. काय घातलं विचारलं तर ‘कंपनीचं ऑईल आहे, मॅडम’. कारण न शोधताच इंजेक्टर क्लिनिंग आणि डीकार्बनचं पॅकेज मात्र दोनदा पुढे केलं. थर्मोस्टॅट वॉरंटीत बसतो आणि पॅकेज बसत नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे.

आमची पहिली गाडीही तुमचीच होती. माझ्या सांगण्यावरून धाकट्या दिरांनी तुमची गाडी घेतली. आता कुणी विचारलं तर मी काय सांगू?

सात दिवसांत लेखी उत्तर हवं आहे. थर्मोस्टॅट वॉरंटीत बदला, भरलेल्या ऑईलचा ग्रेड लिहून द्या, आणि तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून कुणी बंद केली ते कळवा. नाहीतर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर नोंद करीन आणि मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने मला राहत्या जिल्ह्यातच दावा लावता येतो. बिलं, फोटो, स्कॅनरच्या नोंदी तारीखवार लावून ठेवल्या आहेत.

होज इंजिन गार असतानाच तपासावा लागतो. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी वर्कशॉपमध्ये आणून ठेवीन. सकाळी मी आल्याशिवाय कुणी ती चालू करू नये.

आपली ग्राहक,
नाशिक