प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्यांचे काय?

महोदय,

आपल्या रविवारच्या अंकातील अवयवदानाचे आवाहन करणारा लेख पटला. मात्र मूत्रपिंड बसवले की रुग्ण पूर्ववत होतो, हे त्यातील विधान अपुरे आहे. १९५४ मध्ये बोस्टन येथे यशस्वी ठरलेले पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमधले होते, म्हणून शरीराने ते नाकारले नाही. इतरांची प्रतिकारशक्ती नवा अवयव परकाच मानते. परक्या पेशी सहन करण्याची क्षमता शास्त्रज्ञ पीटर मेदावार यांनी १९५३ मध्ये उंदरांत निर्माण करून दाखवली आणि १९६० चे नोबेल त्यांना विभागून मिळाले, तरी माणसांत ती अजून मोजक्या प्रयोगांपुरतीच आहे. तोवर भिस्त प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्यांवरच.

प्रत्यारोपण झालेल्या माझ्या धाकट्या भावाच्या मोबाइलवर या गोळ्यांसाठी सकाळ-संध्याकाळ आठचा गजर वाजतो. रक्तातील औषधाची पातळी तपासण्यासाठी त्याला जिंतूरहून छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. त्या दिवशीची सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची असल्याने, ती डबीत ठेवून तो पहाटेची एसटी पकडतो. ही तपासणी आणि ही औषधे मराठवाड्यातील प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मिळावीत.

– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)