सर्व्हर कुणाच्या लॉग-इनवर विसंबून नसावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतील अनेक लहान कार्यालये आणि विश्वस्त संस्था आता स्वतःच्या किंवा भाड्याच्या, लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरवर पावत्या, अर्ज, ग्रंथालयाच्या नोंदी असे काम चालवतात. संध्याकाळपर्यंत सुरळीत असलेली सेवा सकाळी बंद सापडली की खापर ‘नेट’वर फुटते. पुष्कळदा कारण एवढेच असते की, तंत्रज्ञाने तो प्रोग्रॅम स्वतःच्या लॉग-इनमधून सुरू केलेला असतो आणि तो बाहेर पडल्यावर प्रोग्रॅमही संपतो.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याचे यंत्र, दूरध्वनीच्या तारेने संगणकाला जोडलेले असे, त्या काळापासून युनिक्स या लिनक्सच्या पूर्वसुरी प्रणालीत जोडणी तुटताच तिथल्या प्रोग्रॅमना ‘सिगहप’ हा पहिल्या क्रमांकाचा संदेश जातो आणि वेगळी तजवीज नसेल तर ते थांबतात. लिनक्सने हीच रीत ठेवली आहे. आज्ञेच्या शेवटी ‘अँड’चे चिन्ह (&) लावून प्रोग्रॅम बॅकग्राउंडला टाकला की भागले, असे अनेकांना वाटते. गंमत अशी की, बॅश शेलमध्ये, म्हणजे आपल्या आज्ञा घेऊन त्या चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘एक्झिट’ लिहून रीतसर बाहेर पडल्यास असा प्रोग्रॅम सहसा टिकतो. हॉटस्पॉट गेल्यामुळे जोडणी तुटली तर मात्र बॅश तोच संदेश आपल्या सर्व कामांना पुढे पाठवते. त्यामुळे तंत्रज्ञाने समोर बसून केलेल्या चाचणीत दोष दिसत नाही.

प्रोग्रॅम सुरू करताना आज्ञेच्या आधी ‘नोहप’ ही आज्ञा लावल्यास प्रोग्रॅम हा संदेश मानत नाही आणि त्याचे टर्मिनलवर जाणारे लिखाण ‘नोहप डॉट आउट’ या फाइलमध्ये साठत जाते. ‘टीमक्स’ या साधनामध्ये जोडणी तुटली तरी कामाचे सत्रच सर्व्हरवर राहते, काही तास चालणाऱ्या डेटाच्या नकलेसाठी मी स्वतः तेच वापरतो. परंतु वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झाले किंवा प्रोग्रॅम मध्येच कोसळला, तर या दोहोंपैकी कोणीही त्याला आपणहून उठवत नाही. शिवाय 2016 मध्ये सिस्टिमडीच्या, म्हणजे लिनक्समधील सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या, 230व्या आवृत्तीने लॉग-आउटनंतर वापरकर्त्याच्या उरलेल्या प्रक्रिया संपवण्याचे धोरण, वेगळे सांगितले नसल्यास आपोआप लागू होईल (डिफॉल्ट) असे, आणले. त्यावर बराच गदारोळ झाला आणि डेबियन या लिनक्सच्या एका वितरणाने ते बंद ठेवले. पण जिथे ते चालू असेल तिथे नोहपचाही निभाव लागत नाही.

कायमच्या कामासाठी प्रोग्रॅमची सिस्टिमडी सर्व्हिस करणे हाच योग्य मार्ग आहे. दहा-बारा ओळींच्या युनिट फाइलमध्ये काय चालवायचे, कोणत्या मर्यादित अधिकारांच्या वापरकर्त्याच्या नावाने चालवायचे आणि कोसळल्यास पुन्हा सुरू करायचे की नाही, हे लिहिता येते. ती सर्व्हिस ‘एनेबल’ केली की यंत्रासोबत आपोआप सुरू होते. एवढे सोपे असताना फोर्टमधील एका कार्यालयात मी मॉनिटरवर चिकटपट्टीने लावलेला ‘बंद करू नये’ असा कागद आणि त्याखाली दिवसरात्र उघडे असलेले रूटचे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचे, लॉग-इन पाहिले आहे. चहा घेऊन आलेल्या मुलालाही तिथे सगळा डेटा पुसता आला असता.

म्हणून अशी कामे देणाऱ्या संस्थांना विनंती आहे की, शेवटचा हप्ता देण्यापूर्वी सर्वांना लॉग-आउट करायला लावावे, यंत्र री-स्टार्ट करावे आणि कुणीही लॉग-इन न करता आपल्या मोबाइलवरून सेवा उघडते का ते पाहावे. ही अट करारातच लिहून घ्यावी; त्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही.

आपला,
एक सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, दादर